एक्केचाळीस फिती

सोनपेठ
शुक्रवार, १२ मार्च १९७६

प्रिय दिनकर,

तुझं कार्ड काल मिळालं. शाळेच्या पत्त्यावर आलं, त्यामुळे माझ्या आधी ते हेडमास्तरांनी वाचलं, शिपायानं वाचलं आणि चौथीच्या दोन पोरांनीही वाचलं असावं, कारण मधल्या सुट्टीत ती मला विचारत होती, गुरुजी, जिंतूरची म्याच कवा हाय? असं काही उघड्या कार्डावर लिहू नये एवढं तरी तुला कळायला हवं होतं. पण त्यात झाकण्यासारखं काही आहे असं तुला वाटलंच नाही, आणि माझं खरं दुखणं तेच आहे. एकवीस तारखेला रविवारी जिंतूरला जयहिंदशी सामना आहे, तुझे पॅड वाट बघतायत, जयहिंदवाल्यांनी पोरांसाठी ट्रॅक्टर लावलाय, आपली बाजू रिकामी दिसता कामा नये, तरी तुमच्याकडची सगळी पोरं घेऊन ये. आणि खाली कोपऱ्यात, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं, 'केशर रुसली असेल तर तिला एक चांगला फ्रॉक घेऊ.' चार ओळींत तू सगळं मिटवून टाकलंस. मी ते कार्ड तीनदा वाचलं. फ्रॉक, दिनकर? माझ्या बहिणीची पोर तुला फ्रॉकसाठी रुसलेली वाटते?

सव्वीस जानेवारीला दीड महिना झाला. दीड महिना मी गप्प बसलो. तू त्याचा अर्थ काय काढलास ते कार्डावरून दिसतंच आहे. लिंबाजी शांत माणूस, मास्तर माणूस, येईल आपोआप. गावात सगळे मला शांत म्हणतात, कारण गोलकीपरला आरडाओरडा करून चालत नाही. अकरा वर्षं आझाद हॉकी संघाच्या गोलात उभा राहिलो, अकरा वर्षं तू पुढे आणि मी मागे. पुढच्याला मागचा दिसत नाही. मागच्याला मात्र पुढच्याची पाठ सारखी दिसत असते, आणि तुझी पाठ मला तुझ्या बायकोपेक्षा जास्त ओळखीची आहे. त्या दिवशी ध्वजवंदनानंतर तू भोंग्याजवळ उभा राहून जे बोललास, ते मी पन्नास कदमांवरून तुझ्या पाठीकडे बघत ऐकलं. तुझे खांदे वर गेले होते. खोटं बोलताना तुझे खांदे वर जातात, शाळेतही जायचे. तेव्हा मला आता हे सांगू नकोस की तुला काही कळलं नाही.

तुला जमादारचाचा आठवतात का, की व्यंकटरावांनी संघाला दिलेल्या नव्या काठ्या हातात येताच त्यांनाही विसरलास? निजामाच्या पोलिसात हॉकी खेळलेला म्हातारा. आपल्या बोरीत आझाद संघ त्यांनी काढला, बाभळीचे खांब त्यांनी रोवले आणि फितींची रीतही त्यांचीच. त्यामागे फार मोठा विचार नव्हता. बारकी पोरं खेळ चालू असताना मैदानात घुसायची, म्हणून त्यांनी हुकूम काढला की ज्याला जो संघ आवडतो त्यानं त्याच्या गोलच्या खांबाला एक फीत बांधायची आणि त्या खांबामागंच उभं राहायचं. पाय इकडे टाकला तर टांग तोडीन. मग पोरं फिती मोजायला लागली, मग मोठी माणसं मोजायला लागली, आणि कधीतरी असं ठरून गेलं की ज्याच्या फिती जास्त त्यानं बाजू निवडायची, आणि त्याच्याकडच्या एका पोरानं झेंड्यापासून चालत जाऊन मैदानाच्या मधोमध चेंडू ठेवायचा. आपल्या दोन काळ्या रानांच्या मधल्या मुरमाड बरडावर सव्वीस जानेवारीला याहून मोठा मान नव्हता. चेंडू ठेवलेल्या पोराला वर्षभर हाटेलवाला फुकट शेव द्यायचा.

आणि पाण्याचं आठवतं का? मी आठवण करून देतो, कारण तुझ्यावर एवढा राग का आला ते त्याशिवाय तुला कळणार नाही. आपण पंधरा वर्षांचे होतो. अर्धी वेळ झाली, घागर आली. सगळ्यांनी लोटा तोंडाला लावला आणि माझी पाळी आली तेव्हा घागरवाल्यानं मला ओंजळ धरायला सांगितली. मी धरलीही. सवय होती. तू मध्ये आलास, लोटा ओढून घेतलास, माझ्या हातात दिलास आणि म्हणालास, पी. मी प्यालो. मग तू तोच लोटा तोंडाला लावून उरलेलं सगळं पाणी गटागटा प्यालास आणि सगळ्या मैदानाकडे बघत राहिलास. त्या संध्याकाळी तुझ्या वडिलांनी, किशनकाकांनी, तुला बैल हाकायच्या चाबकानं मारलं. दुसऱ्या दिवशी तू पाठीवरचे वळ मला दाखवलेस आणि हसत म्हणालास, लिंबा, आता तुला गोल अडवावाच लागतोय, माझी कातडी गेलीय त्यात. मी तेव्हापासून तुझा आहे. माझ्या गोलावर आलेला प्रत्येक चेंडू मी तुझ्या त्या वळांसाठी अडवला. ज्याला कधी काही कळलंच नाही अशा माणसानं सव्वीस जानेवारीसारखं केलं असतं तर मी थुंकून मोकळा झालो असतो. तुला कळत होतं. तुला पंधराव्या वर्षी कळत होतं ते सव्विसाव्या वर्षी कुठे गेलं?

तुला नागनाथची भीती वाटायला लागली, तिथून हे सुरू झालं. कॅप्टनकी मिळाली नाही म्हणून तो आपल्यातून फुटला आणि त्यानं जयहिंद काढला तेव्हा आपण हसलो होतो. जिनिंगमधला कारकून, याच्या मागे कोण जाणार? पण तो तुझ्यामाझ्यापेक्षा हुशार निघाला. आपण खेळाडू जमवत राहिलो आणि त्यानं पोरं जमवली. गेल्या मार्चात आपला देश क्वालालंपूरला विश्वकरंडक जिंकला तेव्हा त्यानं आपला ट्रान्झिस्टर पारावर आणून ठेवला आणि पोरांना रेवड्या वाटत वाटत कॉमेंट्री ऐकवली. त्या दिवशी बोरीतल्या अर्ध्या पोरांना असं वाटलं की करंडक जयहिंदनंच जिंकला. मग तांबड्या कागदाच्या टोप्या आल्या. मग मासिकातून कापलेले खेळाडूंचे फोटो आले, एका फितीला एक फोटो. आपण काय करत होतो? आपण पोरांना सांगत होतो की आझाद हा जुना संघ आहे. दहा वर्षांच्या पोराला जुन्याचं काय कौतुक! मागच्या साली पंधरा ऑगस्टच्या सामन्याला आपल्या खांबाला एकतीस फिती होत्या, त्यांच्या खांबाला चोपन्न. त्यांनी बाजू निवडली, दुसऱ्या डावात उन्हं माझ्या डोळ्यांत आली, पोरांनी पत्र्याचे डबे वाजवून कान किटवले आणि आपण दोन गोलांनी हरलो. त्या रात्री तू जेवला नाहीस असं वहिनी सांगत होत्या.

म्हणून दिवाळीत तू मला शाळेच्या ओट्यावर बसवून म्हणालास, लिंबा, पोरं पायजेत. जो पोरगा सगळ्यात जास्त फिती आणील त्याच्या हातून चेंडू ठेवायचा, कुणाचा का असंना. तुझेच शब्द आहेत हे. कुणाचा का असंना. मी तुला त्या वेळी विचारलं होतं, आमच्याकडच्यांचं पण? तू माझ्या गुडघ्यावर थाप मारलीस आणि म्हणालास, तुला इचारायला लाज वाटायला पायजे. मला खरंच लाज वाटली. बौद्धवाड्यातली आमची पोरं सगळी वर्षं नदीकडच्या बांधावरून खेळ बघत आली. त्यांना कुणी हाकललं नाही आणि कुणी बोलावलंही नाही, आणि त्या न बोलावणाऱ्यांत अकरा वर्षं मीही होतो. मी गोलात उभा राहायचो तेव्हा माझी स्वतःची भाची बांधावर बसायची. हे माझ्या ध्यानात तू बोलल्यावर आलं. त्यासाठी मी तुझे उपकार मानले, बघ.

केशरला मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. चौथीत आहे, पण बोलायला लागली की सातवीतल्याला गप्प करते. तीन वर्षं ती सरावाला माझ्या गोलामागे चेंडू गोळा करायला यायची, तुला ठाऊक आहे. कोण कुठल्या पायावर वजन टाकून फटका मारतो हे तिला माझ्याआधी कळायचं. मागून ओरडायची, मामा, उजवीकडं! आणि चेंडू उजवीकडे यायचा. मी तिला म्हणालो, पोरं जमव. तिनं विचारलं, चेंडू खरंच मला ठेवू देतील? मी म्हणालो, दिनकरमामानं शब्द दिलाय. दिनकरमामा म्हणालो मी. यावर तिनं आणखी काही विचारलं नाही.

पोरीनं जे केलं ते नागनाथला रेवड्या वाटूनही जमलं नसतं. तिच्याजवळ द्यायला काही नव्हतं. ती घरोघर गेली आणि प्रत्येक पोराला एकच गोष्ट सांगितली, फीत बांधली की चेंडू आपुन ठेवणार. मी ठेवणार असं म्हणाली नाही कधी. आपण. आझादची फीत पिवळी, ती कुणाकडे असणार? सुलाबाईनं, माझ्या बहिणीनं, घरातलं एक जुनं धोतर फाडलं आणि चुलीवर हळदीच्या पाण्यात उकळलं. महिन्याची हळद गेली त्यात. आठ दिवस आमच्याकडच्या पोरांची बोटं पिवळी होती, शाळेत गुरुजींनी विचारलं की कुणाचं लग्न आहे. शेवटचे चार दिवस केशर हातात लिंबू घेऊन विहिरीपासून चिंचेपर्यंत चालायचा सराव करत होती. मामा, चेंडू टाकायचा न्हाई, ठेवायचा असतोय, असं तिनं मला बजावलं. मला हसू आलं होतं.

सव्वीस तारखेला सकाळी आमची पोरं पहिल्यांदा बांध उतरून मैदानावर आली. रांगेनं आली. प्रत्येकानं आपापली फीत आपल्या हातानं खांबाला बांधली. केशरची बोटं अजून पिवळी होती, म्हणून ती शाळेजवळच्या हापशावर राख घेऊन हात घासत बसली, नव्या पांढऱ्या चेंडूला डाग पडायला नको. मोजणी झाली. जयहिंद अठ्ठावन्न. आझाद त्रेसष्ट. त्यातल्या एक्केचाळीस केशरनं आणलेल्या. तिच्या फिती काढून टाकल्या तर आपण बाविसावर होतो, दिनकर. गेल्या सालच्या एकतीसमधलीही नऊ पोरं नागनाथनं पळवली होती. मोजणीनंतर तू हापशाशेजारच्या लिंबाखाली माझ्याकडे आलास. तिथं काय झालं ते मी शेवटी लिहिणार आहे. आत्ता लिहिलं तर पुढचं माझ्याच्यानं लिहवणार नाही.

मग झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं, पाहुण्यांचं भाषण झालं. शिस्तीवर बोलले. हल्ली सगळे शिस्तीवरच बोलतात. केशर आमच्या पोरांच्या पुढे उभी होती, वेणी घट्ट, हात पुढे धरलेले, धुतलेले. तू भोंगा हातात घेतलास. आझाद संघासाठी एक्केचाळीस फिती गोळा करणारा आपला छोटा दोस्त, असं म्हणालास, जरा थांबलास, खांदे वर गेले आणि तू नाव घेतलंस, बन्सीधर! व्यंकटरावांचा नातू. तू तिला मान दिला नसतास तर एक वेळ मी समजलो असतो. म्हणजे समजलो नसतो, पण ते आपल्या गावात नवीन नव्हतं. पण तू तिचा आकडा घेतलास. तिच्या पायांनी गोळा केलेल्या फिती सगळ्या गावासमोर दुसऱ्याच्या नावावर चढवल्यास. आमच्या चाळीस पोरांनी एकदम केशरकडे बघितलं. केशरनं खांबाकडे बघितलं, जणू काही आपलीच मोजणी चुकली असेल.

आणि गंमत अशी की त्या बन्सीधरची फीत जयहिंदच्या खांबाला होती! तुला हे माहीत होतं का? त्याला नागनाथनं फोटो दिला होता. आजोबांनी दंड धरून पुढे ढकललं तेव्हा ते पोर रडकुंडीला आलं होतं, तांबडी टोपी खिशात कोंबत होतं. मला त्याचा राग नाही. आठ वर्षांचं पोर ते. त्यानं चेंडू नेला आणि मधोमध टाकला. ठेवला नाही, टाकला. तो घरंगळला आणि नागनाथनं पायानं अडवला. जयहिंदवाले हसले. आझादचा मान असा ठेवला गेला. व्यंकटरावांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या, आणि तू आणि नागनाथनं काठीला काठी लावून खेळ सुरू केलात.

मी खेळलो. सांगायला नको, तू बघितलंस. केशर घरी गेली नाही. ती माझ्या गोलामागे खांबाला टेकून उभी राहिली, जिथं तिची फीत होती तिथं. पण सबंध खेळात तिनं एकदाही हाक मारली नाही. मी दर वेळी वाट बघायचो, आता ओरडेल.  शेवटची पाच मिनिटं राहिली, आपला एक गोल झालेला, आणि त्यांना पेनल्टी स्ट्रोक मिळाला. नागनाथ समोर उभा राहिला. मला सरळ वाटलं, सोडून द्यावा. एक पाऊल डावीकडे सरकलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. मी ठरवलंही होतं. पण त्यानं मारला आणि माझा उजवा पाय आपोआप गेला. अकरा वर्षांची खोड. तुम्ही मला खांद्यावर घेतलंत, गुलाल उधळलात. तुमच्या खांद्यावरून मला लांबचं चांगलं दिसत होतं. केशर बादली पालथी घालून त्यावर चढली होती आणि खांबाच्या फिती एकेक करून सोडवत होती. गाठी घट्ट होत्या, दातांनी सोडवत होती. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. मी वर बसून बघत होतो.

घरी जाऊन रडत बसली असेल असं तुला वाटलं ना, म्हणून फ्रॉक. ती रडली नाही. ती एक्केचाळीस फिती पदरात बांधल्यासारख्या परकरात घेऊन घरोघर गेली. सव्वीस घरं आहेत आमच्याकडे ज्यांतून ती पोरं आली होती. प्रत्येक पोराला तिनं त्याची फीत परत दिली. कुठली कुणाची हे तिला पाठ होतं. आणि प्रत्येकाला म्हणाली, म्या खोटं बोलले, चेंडू आपुन ठेवणार म्हनून सांगितलं व्हतं, ही घे तुजी फीत. सुलाबाई दारात उभी राहून बघत होती, तिनंच मला सांगितलं. दहा वर्षांची पोर सव्वीस उंबऱ्यांवर माफी मागत फिरली. खोटं बोलला होतास तू. खोटं ऐकून गप्प बसला होता सगळा गाव. आणि माफी तिनं मागितली! आता सांग, कुठल्या दुकानातून आणू तो फ्रॉक?

यावर गावात काय काय बोललं गेलं तेही माझ्या कानावर आहे. पोरगी आहे, पोरींनी कशाला मैदानात जायचं? वा. तीन वर्षं ती चेंडू गोळा करत होती तेव्हा पोरगी नव्हती. फिती मोजताना पोरगी नव्हती. चेंडू ठेवायची वेळ आली आणि एकाएकी सगळ्यांना दिसलं की पोरगी आहे. दुसरं, व्यंकटरावांनी काठ्या दिल्या, पॅड दिले, त्यांचं मन मोडायचं कसं? म्हणजे ज्यानं काठ्या दिल्या त्याचं मन असतं, आणि जिनं एक्केचाळीस पोरं दिली तिला मन नसतं. तिसरं कुणी तोंडानं बोलत नाही. ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. लोट्याचंच आहे ते. फक्त या वेळी लोटा तुझ्या हातात होता, दिनकर, आणि ओंजळ धरायला तू सांगितलंस.

आता लिंबाखालचं. मी जमिनीवर बसून व्यंकटरावांनी हैदराबादेहून आणलेले नवे पांढरे पॅड बांधत होतो. अकरा वर्षं मी आईनं गोणपाटात सरकी-कापूस भरून शिवलेल्यांवर काढली होती. खरे पॅड पहिल्यांदाच माझ्या पायावर होते आणि मला त्यांचा फार आनंद झाला होता, हे लपवत नाही. तू वाकलास आणि हळूच म्हणालास, लिंबा, व्यंकटराव ऐकायले न्हाईत, एवढ्या साली राहू दे, केशरला तू समजावून सांग. तू मला विचारलं होतंस. तुझ्या आवाजात अशी धाकधूक होती की मी नाही म्हणालो असतो तर तू कदाचित मागे फिरला असतास. आणि मी पट्ट्याचं बक्कल लावत म्हणालो, बघ तुझं तू. एवढंच म्हणालो. दीड महिना मी सगळ्या जगावर चिडलो आहे ते या तीन शब्दांसाठी. गेल्या रविवारी मी बोरीला आलो होतो, तुझ्याकडे आलो नाही. मी त्या सव्वीस घरांत गेलो आणि प्रत्येक पोराला सांगितलं की मला आधी कळलं होतं, आणि मी गप्प बसलो. काहींनी ऐकून घेतलं, एकानं दार लावून घेतलं. शेवटी सुलाबाईचं घर. केशर पाटीवर गणितं करत होती. मी तिलाही सांगितलं. ती पाटी न सोडता म्हणाली, मला ठावं व्हतं मामा, म्या हापशावर हात धुयाले होते, तू पट्टे बांधताना वर बघितलंच न्हाईस. पोरीला दीड महिना ठाऊक होतं आणि दीड महिना ती मला सोनपेठच्या एस.टी.पर्यंत पोचवायला येत होती. तेव्हा जिंतूरचं विचारू नकोस, मी तिथं येणार नाही, पॅड ज्याला होतील त्याला दे. हे पत्र सामन्यासाठी नाही. मी फक्त माझं सांगितलं आहे, तुझ्या वतीनं एक शब्द बोललो नाही, ते तुझं तू सांगायचं आहे. एकवीस तारखेला सकाळी मी बोरीत असेन. तू जिंतूरच्या गाडीत बसण्याआधी ये, हवं तर मी बरोबर चालतो. घरं सव्वीस आहेत, दोन तास लागतात. सुलाबाईचं शेवटी घे, तिथं पाणी मिळेल.

अजून तरी तुझाच,
लिंबाजी